रानातला नरक्या आणि दवाखान्यातली सलाइन



गेल्या महिन्यात आमच्या वरच्या वाडीतल्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले आणि चहाला उकळी येईपर्यंत गप्पा सुरू झाल्या. गटातल्या सगळ्यात थोरल्या आज्जी मला म्हणाल्या, "बाई, तू शिकलेली हाईस, सांग बघू. त्या नरक्याला घाण वास मारतुया म्हणून आमी त्याचं लाकूड घरात आणत न्हवतो. मग त्येच लाकूड न्यायला रातच्याला गाड्या का येत हुत्या?"

मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, "आज्जी, औषधाला नेत होते." त्यावर त्यांनी विचारलं, "कसलं औषध? कुणाला दिलं? आमच्या गावात तर कुणाला मिळालं न्हाई." या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला महिना लागला. पुस्तकं बघितली, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांना विचारलं, वन विभागातल्या एका ताईंशी बोलले. आणि खरं सांगायचं तर, याचं थोडं उत्तर माझ्याच घरात, आत्तीच्या फाईलमध्ये सापडलं. ते सगळं आज तुम्हाला सांगते.

आधी झाड ओळखून घेऊया. घाटमाथ्यावर जिथं पाऊस धो-धो पडतो आणि झाडं बारा महिने हिरवी राहतात, तिथं हे झाड वाढतं. अशा रानाला सदाहरित जंगल म्हणतात. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबा घाट, आंबोली या पट्ट्यात उंच झाडांच्या सावलीत नरक्या असतो. झाड फार मोठं होत नाही. आंबा-फणसासारखा त्याचा डेरा नसतो. दोन-तीन पुरुष उंच, कधी त्याहून थोडं जास्त. पानं रुंद, वितीएवढी, लांब देठाची, आणि फांदीच्या टोकाला दाटीनं आलेली. पानं गळून गेली की फांदीवर त्यांचे वण स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात पिवळसर पांढऱ्या, बारीक फुलांचे झुबके येतात. फुलं दिसायला साधी, पण वास असा की नाकाला पदर लावावा. फळं लांबट, आधी हिरवी, मग लालसर आणि पिकली की काळपट जांभळी. एका फळात एकच बी.

या वासावरूनच आपल्या लोकांनी त्याला नरक्या म्हटलं. कुठे घाणेरा म्हणतात. गंमत बघा, याच झाडाला काही ठिकाणी अमृता असंही नाव आहे. नरक आणि अमृत, दोन्ही एकाच झाडाच्या वाट्याला आलं. एक मात्र लक्षात ठेवा. बांधावर वाढणारी, रंगीबेरंगी फुलांची घाणेरी, जिला टणटणी म्हणतात, ती वेगळी. ती परदेशातून आलेली आहे. आपला नरक्या इथलाच.

आता शास्त्रातलं नाव. ते जरा लांबलचक आहे, पण घाबरू नका. नोथापोडायटीस निम्मोनियाना. वनस्पतींची नावं आपल्या सरकारी कागदांसारखी असतात, आधी आडनाव, मग नाव. नोथापोडायटीस हे आडनाव, म्हणजे प्रजाती. निम्मोनियाना हे त्या घरातल्या एकीचं नाव, म्हणजे जाती. नोथापोडायटीस या घराण्यात जगभरात मिळून दहाच्या आसपास जाती आहेत आणि त्या सगळ्या आपल्या आशिया खंडातल्या. भारत, श्रीलंका, चीन, फिलिपाइन्स, इंडोनेशिया अशा उष्ण, ओल्या भागांत त्या वाढतात. घराणं लहान, ओळखीपाळखी कमी. वनस्पतिशास्त्राच्या बाहेर हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं.

आडनावाचा अर्थही मजेशीर आहे. अपोडायटीस नावाचं एक दुसरं झाड आहे. तेही आपल्या सह्याद्रीत सापडतं. नरक्याची प्रजाती त्याच्यासारखी दिसते, पण ती ती नव्हे. म्हणून ग्रीक भाषेतला 'खोटा' या अर्थाचा शब्द पुढे जोडला. म्हणजे झाला 'खोटा अपोडायटीस'. एखाद्या बाईला जन्मभर 'अमकीसारखी दिसते ती' म्हणून ओळखावं, तसं हे झालं. आणि निम्मोनियाना हे नाव निम्मो नावाच्या साहेबावरून आलं. मुंबईत टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या जॉन ग्रॅहम या साहेबानं मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी केली. ती १८३९ साली छापली गेली. त्या यादीत त्यानं हे झाड नोंदवलं आणि वनस्पती गोळा करणाऱ्या आपल्या ओळखीच्या निम्मोचं नाव त्याला दिलं. ज्यांच्या रानात झाड होतं आणि ज्यांनी साहेबांना वाट दाखवली असेल, त्यांचं नाव त्यात नाही. असो.

आता औषधाकडे येऊ. ही गोष्ट सुरू होते चीनमधल्या एका झाडापासून. त्या झाडाला चिनी लोक 'आनंदाचं झाड' म्हणतात. आपल्या नरक्याशी त्याचं जवळचं नातं नाही. अमेरिकेत मन्रो वॉल नावाचे शास्त्रज्ञ वेगवेगळ्या वनस्पतींचे अर्क तपासत होते. या चिनी झाडाच्या अर्कात कॅन्सरच्या पेशींना रोखण्याचा गुण आहे, असं त्यांना दिसलं. पण अर्कात शेकडो गोष्टी असतात. आमटीत मीठ आहे हे जिभेला कळतं, म्हणून ते बाजूला काढता येतं का? तसंच हे काम. नेमका कोणता पदार्थ गुणकारी आहे, हे शोधून तो शुद्ध रूपात वेगळा काढायचा होता.

ते काम वॉल यांच्याबरोबर ज्यांनी केलं, त्यांचं नाव मनसुख वाणी. मैत्रिणींनो, हे वाणी आपल्या महाराष्ट्रात, नंदुरबारला जन्मले. १९२५ साली. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, पुढे अमेरिकेला गेले. १९६६ साली वॉल, वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पदार्थ जगापुढे मांडला. त्याचं नाव कॅम्प्टोथेसिन. याच जोडीनं पुढे १९७१ मध्ये अमेरिकेतल्या एका वेगळ्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हा पदार्थ शोधला. आज स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरला ते औषध जगभर देतात. २०२० साली वाणी वारले. नंदुरबारच्या या माणसानं किती बायकांचं आयुष्य वाढवलं असेल, याचा हिशेब करणं अवघड आहे. मला मात्र बी.ए. होईपर्यंत त्यांचं नाव एकाही पुस्तकात भेटलं नव्हतं.

इथपर्यंत आपल्या नरक्याचा संबंध नाही. तो आला १९७२ मध्ये. मुंबईत गोरेगावला एका औषध कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिथे गोविंदाचारी आणि विश्वनाथन या दोन शास्त्रज्ञांनी नरक्या तपासला. त्यांना त्यात तेच कॅम्प्टोथेसिन सापडलं. चीनचं झाड वेगळ्या घरातलं, आपलं वेगळ्या घरातलं, पण दोघांच्या पोटात एकच पदार्थ. पुढच्या अभ्यासात दिसलं की हा पदार्थ ज्या ज्या झाडांत मिळतो, त्यांत नरक्याचा नंबर अगदी वरचा. मुळात सगळ्यात जास्त, खोडात आणि सालीत चांगला, पानांतही असतो पण कमी. या ओळी नीट लक्षात ठेवा, कारण झाडावर पुढे जे आलं ते यातूनच आलं.

हे औषध काम कसं करतं? तेही समजून घेऊ, कारण घरात कुणाला केमो सुरू झाली की आपण नुसते घाबरून जातो.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा लांबच लांब धागा असतो. तो दोन पदरी असतो, काथ्याच्या सुंभासारखा पिळलेला. एका पेशीच्या दोन पेशी होताना या धाग्याची नक्कल काढावी लागते. त्यासाठी दोन पदर सुटे करायचे. आता सुंभाचे दोन पदर मधूनच ओढून बघा. जिथं सोडवाल तिथं ते सुटतात, पण पुढचा पीळ आणखी आवळत जातो आणि गुंता होतो. मग काय करायचं? पेशीत एक कामगार असतो, त्याला शास्त्रात विकर म्हणतात. तो एका पदराला हळूच छेद देतो, पीळ सैल करतो आणि तो पदर पुन्हा जोडून टाकतो. छेद, सैल, जोड. दिवसरात्र हेच काम.

कॅम्प्टोथेसिन नेमकं इथं अडतं. विकरानं छेद दिला की हा पदार्थ त्या फटीत जाऊन बसतो आणि जोड होऊ देत नाही. धागा तुटका राहतो आणि विभागायला निघालेली पेशी मरते. हे कोडं १९८५ मध्ये उलगडलं. कॅन्सरच्या पेशी भराभर विभागतात, म्हणून त्यांना याचा तडाखा जास्त बसतो. पण शरीरात भराभर विभागणाऱ्या चांगल्या पेशीही असतात. केसांच्या मुळांच्या, आतड्याच्या अस्तराच्या, रक्त तयार करणाऱ्या. त्यांनाही मार बसतो. म्हणून केस जातात, जुलाब होतात, पांढऱ्या पेशी कमी होतात. औषध विष म्हणून काम करतं, आणि ते किती द्यायचं हे डॉक्टर रक्त तपासून, वजन-उंची मोजून ठरवतात.

सुरुवातीला, १९७०च्या सुमारास, कॅम्प्टोथेसिन रुग्णांना देऊन पाहिलं होतं. पण त्रास इतका झाला की तो प्रयोग थांबवावा लागला. लघवीच्या पिशवीतून रक्त जायचं, जुलाब आवरायचे नाहीत. काही वर्षं हे औषध मागे पडलं. मग शास्त्रज्ञांनी मूळ पदार्थात थोडे बदल करून दोन नवी औषधं बनवली. एक टोपोटेकन, दुसरं इरिनोटेकन. १९९६ साली दोन्हींना अमेरिकेत परवानगी मिळाली. टोपोटेकन अंडाशयाच्या कॅन्सरवर देतात आणि पुढे २००६ मध्ये गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरही त्याला मान्यता मिळाली. इरिनोटेकन मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर देतात. पण ही औषधं बनवायची तर आधी कॅम्प्टोथेसिन पाहिजे, आणि ते झाडातूनच काढावं लागतं. म्हणजे १९९६ नंतर मागणी वाढली. रातच्याला गाड्या का यायच्या, या आज्जींच्या प्रश्नाचं हे उत्तर.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगायला हवी.

सात-आठ वर्षांपूर्वी मी या कामाला नवीन होते. एका वाडीतला गट कायम थकबाकीत. हप्ता कधी वेळेवर नाही. आणि एका हिवाळ्यात अचानक सगळ्या बायकांचे हप्ते वेळेत यायला लागले. मी खूश. "कसली मजुरी लागली?" म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "रानातनं औषधी लाकूड आणून देतोय. बाहेरचा माणूस जागेवर पैसे देतोय." मी वहीत 'जोडव्यवसाय: वनौषधी संकलन' असं लिहिलं. तालुक्याच्या बैठकीत त्या गटाचं कौतुकसुद्धा केलं. कुठलं लाकूड, कुणाच्या रानातलं, परवाना आहे का, यातलं एक अक्षर मी विचारलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर गाडी पकडली गेली. व्यापारी पसार. मोळ्या डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या दोन बायका आणि एकीचे मालक तेवढे सापडले. राखीव रानातनं विनापरवाना तोड, म्हणजे वनकायद्याखाली गुन्हा. मग तालुक्याच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. एसटीचं भाडं, वकिलाची फी, बुडालेला रोज. त्यातल्या एका वहिनींनी केसच्या खर्चापायी गटातून कर्ज घेतलं आणि ते फेडायला दोन वर्षं लागली. लाकडातून त्यांना सुटली होती ती दिवसाची मजुरी. पुढे त्या लाकडाचं काय झालं, कुठं गेलं, किती भाव आला, त्यांना ठाऊक नव्हतं. मला एकदा त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही शाबासकी दिलीत, तवा आमाला वाटलं, चांगलंच काम हाय." यावर मी काय बोलणार?

त्या हिवाळ्यानंतर मी त्या रानात गेले होते. व्यापाऱ्यानं सांगितलं होतं की मुळ्या जास्त भावानं घेऊ. म्हणून झाडं नुसती तोडली नव्हती, खणून काढली होती. मी मघाशी म्हटलं होतं ना, मुळात जास्त पदार्थ. खोड तोडलं तर बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात. मुळासकट खणलं की संपलं. सगळीकडे खड्डेच खड्डे.

आणि नरक्या एकदा गेला की भरून यायला वेळ लागतो, त्याचीही कारणं आहेत. एक तर तो सावलीत हळूहळू वाढणारा. दुसरं म्हणजे त्याची सगळी झाडं फळ देत नाहीत. काही झाडांवर नुसती नरफुलं असतात. फळ देणारी झाडं तोडली गेली आणि नरझाडं उरली तर बी येणार कुठून? तिसरं, बी ताजं असतानाच पेरावं लागतं. डब्यात भरून वर्षभर ठेवायला ते भाताचं बियाणं नव्हे. पेरल्यावरही उगवायला महिना-दोन महिने, कधी त्याहून जास्त वेळ जातो. सह्याद्रीतल्या कितीतरी ठिकाणी नरक्याची संख्या अशी घटली की वनस्पतींच्या अभ्यासकांनी त्याला धोक्यात आलेल्या झाडांच्या यादीत घातलं.

शास्त्रज्ञ दुसरे मार्गही शोधताहेत. २००५ मध्ये भारतीय संशोधकांना नरक्याच्या सालीच्या आत राहणारी एक बुरशी सापडली, जी स्वतःच कॅम्प्टोथेसिन बनवते. दह्याच्या विरजणासारखी ती बुरशी वाढवली तर झाड तोडायलाच नको, अशी आशा वाटली. पण झाडापासून वेगळी करून बुरशी पुन्हा पुन्हा वाढवत नेली की तिची औषध बनवण्याची ताकद उतरत जाते, असं पुढच्या अभ्यासात दिसलं. म्हणजे अजून तरी झाडाला पर्याय नाही.

आता आत्तीबद्दल. आमच्या आत्तीला बरेच महिने शौचातून रक्त जात होतं. तिला वाटलं मूळव्याध. लाजेपायी कुणाला बोलली नाही, झाडपाल्याची पुडी घेत राहिली. पोटात गोळा लागायला लागला, वजन उतरलं, तेव्हा दवाखान्यात नेलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं सुरू झाली. पहिल्या औषधांनी पुरता गुण आला नाही, तेव्हा डॉक्टरांनी औषध बदललं. त्या वेळी त्या नावाकडे माझं लक्ष नव्हतं. आज्जींनी प्रश्न विचारल्यावर मी वाचायला बसले आणि नाव ओळखीचं वाटलं म्हणून आत्तीची फाईल उघडली. कागदावर लिहिलं होतं, इरिनोटेकन.

आत्तीचं माहेर, म्हणजे माझं सासर, त्या वाडीपासून चार मैलांवर. ज्या रानातनं लाकूड गेलं, त्या रानात ती लहानपणी करवंदं काढायला जायची. त्या सलाइनमधला पदार्थ आपल्या रानातला की चीनमधल्या झाडाचा, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण आज्जींनी विचारलं होतं ना, गावात कुणाला मिळालं? आज्जी, एकीला मिळालं. त्या औषधावर आत्तीला पुढे दीड वर्ष मिळालं. नातीचं बारसं तिनं मांडीवर बाळ घेऊन केलं.

इथं एक गोष्ट मी जोर देऊन सांगणार आहे. हे ऐकून कुणीही नरक्याची साल उकळून काढा करू नका. कॅन्सरवर चालतं म्हणून कुणी पूड विकत असेल तर घेऊ नका. शुद्ध केलेला पदार्थ दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली देऊनसुद्धा पहिल्या प्रयोगात माणसांचे हाल झाले होते. मग घरच्या काढ्यात किती विष उतरलं, हे कोण मोजणार? झाड औषधी आहे, याचा अर्थ ते खाण्याजोगं आहे असा नाही.

त्यापेक्षा आपल्या हातात असलेल्या गोष्टी करूया.

पहिली गोष्ट तब्येतीची. शौचातून रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, संबंधानंतर रक्त, न थांबणारं पांढरं पाणी, पोट फुगलेलं राहणं, स्तनात गाठ, यातलं काहीही असेल तर लाजू नका. तिशीपुढच्या बायकांची गर्भाशयाच्या तोंडाची आणि स्तनांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ औषध लावून बघतात, पाच-दहा मिनिटांचं काम. आशाताईंना दिवस विचारा आणि गटानं मिळून जा, म्हणजे एकीला एकीची सोबत होते. कॅन्सरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड जवळ ठेवा आणि दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा.

दुसरी गोष्ट कायद्याची. २००२ साली जैवविविधता कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावातल्या झाडाझुडपांची, त्यांच्या उपयोगांची एक नोंदवही असायला हवी. त्या समितीत बायकांनाही जागा आहे. गावच्या हद्दीतून कुणी धंद्यासाठी अशी वनस्पती नेत असेल तर समिती त्याच्याकडून शुल्क घेऊ शकते. पण त्यासाठी समिती जागी पाहिजे. पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपली समिती आहे का, तिच्यात कोण आहे आणि नोंदवहीत नरक्या लिहिला आहे का? तो कुठल्या बाजूच्या रानात आहे, हे मात्र बाहेरच्या माणसाला सांगत बसू नका.

तिसरी गोष्ट कमाईची. कुणीही व्यापारी येऊन "अमुक पाला आणा, तमुक मुळी आणा, रोख देतो" म्हणाला, तर गटानं चार प्रश्न विचारायचे. तुझं नाव-पत्ता काय? माल कुठं जाणार? वन विभागाचा परवाना आणि वाहतूक पास कुठाय? पावती देणार का? उत्तर देताना तो चुळबुळ करायला लागला तर आपण पाऊल मागं घ्यायचं. मी आता प्रत्येक गटाच्या वहीत हे चार प्रश्न पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत.

आणि चौथी गोष्ट. ज्या वाडीतली ही केस होती, त्याच वाडीतल्या बायकांनी गेल्या वर्षी वन विभागाच्या ताईंना विचारून नरक्याची रोपं करायला घेतली. झाडाखाली पडलेली पिकलेली फळं वेचली, तीही सगळी नाही, पाखरांसाठी आणि रानासाठी ठेवून. गर धुऊन बी काढलं, लगेच पिशव्यांत पेरलं, सावलीत ठेवलं, ओल सांभाळली. महिना झाला तरी काही उगवेना, तेव्हा एकदोघी म्हणाल्या, गेलं वाया. मी मात्र वाचलं होतं की वेळ लागतो. मग एक-एक करत कोंब वर आले. सगळ्या पिशव्या भरल्या नाहीत, निम्म्याहून कमी भरल्या. यंदाच्या पावसात ती रोपं त्याच खड्ड्यांत लावायची आहेत. खड्डे आयतेच आहेत. ज्या वहिनींनी कर्ज फेडलं, त्याच पाण्याची पाळी बघतात.

यातून उद्या पैसा मिळेल असं मी म्हणणार नाही. झाड मोठं व्हायला वर्षं लागतील, आणि लावलेलं झाड विकायचं तरी कायद्यानं परवानगी लागेलच. पण रोपवाटिकेचं काम हाताला आलं, की तीच पद्धत वापरून वावडिंग, हिरडा, कोकम अशी रोपंही करता येतात. त्यांना गिऱ्हाईक मिळतं.

आज्जी, तुम्ही आज घरी रेडिओ लावून बसला असाल. तुमच्या प्रश्नाचं उत्तर जमलं तेवढं दिलं. आता माझा प्रश्न तुम्हा सगळ्यांना. तुमच्या रानात अशी कुठली झाडं आहेत, ज्यांची नावं फक्त थोरल्या बायकांना ठाऊक आहेत? पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं एक नाव घेऊन यायचं. लिहून घ्यायला वही मी आणते.

नमस्कार.